वाचकांचे प्रश्न : ग्रह घडताना दिसतो म्हणजे नेमकं काय दिसतं?

तरुण ताऱ्यांभोवतीच्या धुळीच्या तबकड्या आणि त्यांत घडणारे ग्रह यांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी सहा प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : एचएल टॉरी या ताऱ्याचं कड्याकड्यांचं चित्र सगळीकडे ‘ग्रहांचा जन्म’ म्हणून छापतात. मी ते मोठं करून पाहिलं, तरी एकही ग्रह दिसला नाही. माझं काही चुकतंय का? (सांगली)

तुमचं काहीच चुकत नाही. त्या चित्रात ग्रह नाहीच. चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी टिपलेलं ते चित्र नोव्हेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. तारा सुमारे ४५० प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याचं वय दहा लाख वर्षांहूनही कमी. चित्रात जे चकाकतं ती साधारण मिलिमीटरभर आकाराची धूळ. ती स्वतःच्या उबेमुळे मिलिमीटर तरंगलांबीचे किरण सोडते. काळ्या पट्ट्यांत ही धूळ कमी आहे, एवढंच चित्र सांगतं. ती तिथून कोणी झाडली, हा आपला तर्क.

ग्रह धूळ झाडतो हे खरं. पण पट्टे पडायला ग्रहच लागतो असं नाही. ताऱ्यापासून ठरावीक अंतरावर पाणी किंवा कार्बन मोनॉक्साइड गोठतो, तिथे कणांचं एकमेकांना चिकटणं बदलतं. चुंबकीय क्षेत्रामुळे वायूचा दाब कुठे वाढतो, कुठे घटतो, आणि धूळ जास्त दाबाच्या जागी गोळा होते. २०१८ मध्ये आल्मानेच वीस तबकड्या सुमारे ०.०३५ विकला इतक्या बारकाईने पाहिल्या (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). जवळजवळ प्रत्येकीत कडी निघाली. प्रत्येक पट्ट्याला एक ग्रह असा हिशेब मांडायला गेलं तर ग्रहांची गर्दीच होईल. शिवाय एकच ग्रह दोन-तीन पट्टे पाडू शकतो असं संगणकी प्रतिरूपं दाखवतात, त्यामुळे तो हिशेब तसाही चालत नाही.

ग्रह प्रत्यक्ष दिसला असं ज्याच्याबद्दल ठामपणे म्हणता येतं ते पहिलं घर म्हणजे पीडीएस ७० हा तारा. नरतुरंग तारकासमूहात, सुमारे ३७० प्रकाशवर्षांवर, वय पन्नास लाख वर्षांच्या आसपास. तबकडीत मधोमध मोठी पोकळी आहे. तिच्यात २०१८ साली ‘बी’ हा ग्रह सापडला आणि २०१९ मध्ये ‘सी’. ऑगस्ट २०२५ मध्ये विस्पिट २ या ताऱ्याची भर पडली. तो गरुड तारकासमूहात, सुमारे ४३० प्रकाशवर्षांवर आहे. तिथला ग्रह वस्तुमानाने गुरूच्या पाचपट असून दोन कड्यांमधल्या मोकळ्या पट्ट्यात बसलेला आहे, म्हणजे एचएल टॉरीच्या चित्रात तुम्ही जिथे शोधत होता अगदी तशा जागी.

‘जन्म’ या शब्दाबद्दलही एक सांगायला हवं. पीडीएस ७० बी आज जो वायू ओढून घेतो आहे तो वर्षाला गुरूच्या वस्तुमानाच्या दहा कोटीव्या भागाच्या घरात आहे. या गतीने एक गुरू उभा राहायला दहा कोटी वर्षं लागतील आणि ताऱ्याचं वय आहे पन्नास लाख. म्हणजे भरणपोषण बहुतांश आधीच उरकलेलं आहे. आपण पोहोचलो ते बारशाला.

प्रश्न : ताऱ्याच्या झगमगाटात शेजारचा ग्रह कसा काय वेगळा काढतात? नुसता मधला भाग झाकला की झालं का? (ठाणे, याच अर्थाचा प्रश्न बेळगावहूनही)

झाकणं हा त्यातला सोपा भाग. आधी अंतर समजून घेऊ. पीडीएस ७० चे दोन्ही ग्रह ताऱ्यापासून ०.२ विकलांच्या आसपास आहेत. शनिवारवाड्यापासून सिंहगड सरळ रेषेत वीसेक किलोमीटर. गडावर ठेवलेलं रुपयाचं नाणं वाड्यातून पाहिलं तर त्याची रुंदी साधारण एवढीच भरेल. आणि नाण्याच्या एका कडेला सर्चलाइट लावून दुसऱ्या कडेला काजवा शोधायचा आहे. त्यातल्या त्यात बरं एवढंच की नवा ग्रह गरम असतो. आपल्या गुरूपेक्षा सूर्य दृश्य प्रकाशात सुमारे अब्ज पट तेजस्वी आहे, तर इथे अवरक्त प्रकाशात ताऱ्याची सरशी काही हजार पटींची.

युरोपियन सदर्न ऑब्झर्व्हेटरीच्या ८.२ मीटर दुर्बिणीवरच्या ‘स्फिअर’ उपकरणाने हे काम साधारण असं होतं.

पहिली पायरी हवेची. वातावरणाने विस्कटलेला प्रकाश मोजायचा आणि मागून ढकलण्या-ओढण्याची सोय असलेल्या लवचीक आरशाने तो सेकंदाला हजाराहून अधिक वेळा सरळ करायचा. मग ताऱ्याच्या प्रतिमेवर सुमारे ०.१ विकला त्रिज्येचा ठिपका ठेवायचा. त्याच्या कडेने वाकून येणारा प्रकाश पुढच्या एका झडपेवर अडवायचा. एवढं करूनही ताऱ्याभोवती प्रकाशाचे शेकडो चट्टे उरतात, आणि यातला प्रत्येक चट्टा हुबेहूब ग्रहासारखा दिसतो. चट्टे येतात ते उपकरणातल्या आरशा-भिंगांच्या बारीक खोटींमुळे. त्या खोटी लवचीक आरशाला कळत नाहीत, कारण मोजणारा कॅमेरा आणि चित्र घेणारा कॅमेरा वेगळ्या वाटांवर बसलेले असतात.

खरी युक्ती इथून पुढची आहे. दुर्बीण तारा अनुसरते तेव्हा आकाशाची प्रतिमा कॅमेऱ्यात हळूहळू फिरते. एरवी ती फिरू नये म्हणून वेगळं यंत्र चालवतात. इथे मुद्दाम उलटं करतात. उपकरण स्थिर ठेवून आकाश फिरू देतात. चट्टे उपकरणाचे, म्हणून ते जागच्या जागी राहतात. ग्रह आकाशातला, तो ताऱ्याभोवती कंसात सरकतो. तास-दोन तासांत शेकडो चित्रं घ्यायची, प्रत्येक बिंदूवरचं मधलं मूल्य काढून ‘नुसता तारा’ तयार करायचा, तो प्रत्येक चित्रातून वजा करायचा, मग प्रत्येक चित्र ज्या त्या कोनातून उलटं फिरवून सगळी एकावर एक रचायची. चट्टे विरतात, ग्रह राहतो.

निदान राहायला तरी हवा. ८.२ मीटरच्या आरशाला २.१ मायक्रॉन तरंगलांबीवर सुमारे ०.०५ विकलांपर्यंतचं वेगळेपण ओळखता येतं. ०.१९ विकला अंतरावरचा ग्रह तेवढा सरकायला आकाश किमान १५ अंश फिरावं लागतं, आणि समाधानकारक काम व्हायला त्याच्या तिप्पट. त्याहून कमी फिरलं तर ग्रह ‘नुसत्या ताऱ्या’तच मिसळतो आणि स्वतःलाच वजा करून बसतो. दोन्ही बाजूंना काळ्या खाचा असलेला फिकट ठिपका दिसला की समजावं, असं झालंय. म्हणून निरीक्षणाची वेळ तारा याम्योत्तर (डोक्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा) ओलांडण्याच्या आधी-नंतरची मागून घेतात. तेव्हा आकाश सर्वात जलद फिरतं.

तबकडी असलेल्या ताऱ्यांच्या बाबतीत आणखी वाईट घडतं. आपल्याकडे तोंड करून असलेली गोल तबकडी फिरली तरी तशीच दिसते, म्हणून वजाबाकीत ती अख्खी गायब होते. कललेल्या तबकडीचा फक्त धारदार काठ उरतो, तोही तुकड्यातुकड्यांत. हे तुकडे फार फसवे. एलकेसीए १५ या ताऱ्याभोवती २०१२ पासून ग्रहांचे दावे झाले. २०१९ मध्ये त्याच जागी तबकडीच्या आतल्या काठाचा उजेड निघाला. यावर उपाय तीन. एक, तबकडी नसलेल्या तशाच दुसऱ्या ताऱ्याचं चित्र वजा करायचं. दोन, ध्रुवित प्रकाशात, म्हणजे ज्याच्या लहरी एकाच दिशेत डोलतात अशा प्रकाशात पाहायचं. धुळीवरून परतलेला प्रकाश चांगलाच ध्रुवित असतो, ग्रहाचा स्वतःचा फारसा नसतो. तीन, थांबायचं. पीडीएस ७० बीच्या वेळी २०१२ सालची जुनी चित्रंही उकरून काढली गेली आणि ठिपका ताऱ्याबरोबर आकाशात सरकतोय, शिवाय कक्षेतही पुढे जातोय, हे जुळवून पाहिलं गेलं.

जाता जाता एक गंमत. रात्र जितकी शांत तितकं चित्र चांगलं असं वाटेल. पण या दुर्बिणीवर वारा अगदी पडला की चित्र बिघडायचं. दुय्यम आरसा तोलून धरणाऱ्या पट्ट्या रात्रीच्या आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षा गार होतात. वारा नसला की गार हवा पट्ट्यांना चिकटून राहते आणि आरशाचे जणू चार वेगळे तुकडे पडतात. ताऱ्याच्या प्रतिमेला मिकी माउससारखे कान फुटतात. शेवटी पट्ट्यांवर वेगळा लेप चढवावा लागला, तेव्हा त्रास बराच कमी झाला.

प्रश्न : एच-अल्फा प्रकाशात ग्रह ‘जेवताना’ दिसतो असं वाचलं. म्हणजे काय? (नागपूर)

ग्रहावर कोसळणारा हायड्रोजन वायू आपटून तापतो आणि ६५६.३ नॅनोमीटरचा लाल प्रकाश सोडतो. पीडीएस ७० सी याच प्रकाशात सापडला. पद्धत सोपी आहे. एकाच क्षणी दोन चित्रं घ्यायची, एक ६५६ वर आणि एक शेजारी, समजा ६४३ वर. तारा दोन्हींत जवळपास सारखा असतो. त्याचं तेज दोन्हींत सारखं करून एक चित्र दुसऱ्यातून वजा केलं की फक्त वायू गिळणारा राहतो. हवेचे चट्टेही दोन्हींत सारखेच असल्याने तेही जातात.

पण तरुण तारा स्वतःही वायू गिळत असतो, म्हणजे त्याचाही एच-अल्फा असतो, आणि तो तबकडीच्या धुळीवरून परतून आपल्याकडे येतो. एबी ऑरिगी ताऱ्याभोवती सुमारे ९३ खगोलीय एककांवर (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) २०२२ साली जाहीर झालेल्या ग्रहाबद्दल वाद आहे तो यामुळेच. ठिपका आहे, एच-अल्फाही आहे. तो ठिपक्याचा की ताऱ्याचा परतलेला, हा प्रश्न. ठिपक्याच्या वर्णरेषेचा आकार ताऱ्याच्या रेषेपेक्षा वेगळा निघाला, किंवा दोघांची तेजस्विता वेगवेगळी खालीवर झाली, तर ग्रहाच्या बाजूने कौल द्यावा. उलटही लक्षात ठेवावं. एच-अल्फा मिळाला नाही म्हणून ग्रह नाही असं होत नाही, कारण भोवतालची धूळ लाल प्रकाश सहज गिळते.

प्रश्न : नारायणगावजवळच्या जीएमआरटीतून या तबकड्या दिसतील का? आल्माही रेडिओ दुर्बीणच आहे ना? (जुन्नर)

तत्त्व एकच, पट्टा वेगळा. खोडदच्या परिसरात ४५ मीटरच्या ३० अँटेना जास्तीत जास्त २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात आहेत. आल्माकडे ६६, बहुतेक १२ मीटरच्या, जास्तीत जास्त १६ किलोमीटरवर. पसारा आपला मोठा. पण किती बारीक दिसेल हे तरंगलांबीला पसाऱ्याने भागून ठरतं. जीएमआरटीच्या सर्वात आखूड, २१ सेंटिमीटरच्या लहरींवर हा भागाकार सुमारे १.७ विकला येतो. आल्माचा ०.८७ मिलिमीटरवर सुमारे ०.०११. पीडीएस ७० ची पोकळी तर सोडाच, अख्खी तबकडी जीएमआरटीच्या एका-दोन ठिपक्यांत मावेल. शिवाय मिलिमीटरभर धूळ २१ सेंटिमीटरच्या लहरी नगण्य सोडते. जीएमआरटी बांधली ती हायड्रोजन, पल्सार आणि दूरच्या दीर्घिकांसाठी, आणि त्या कामात तिचं नाव आहे.

आल्मा पाच हजार मीटर उंचीवरच्या वाळवंटी पठारावर का, याचं उत्तरही यातच आहे. मिलिमीटर लहरींना हवेतलं पाणी अडवतं आणि त्यांचा वेग बदलून दोन अँटेनांमधला ताळमेळ बिघडवतं. त्यासाठी प्रत्येक १२ मीटर अँटेनावर डोक्यावरची बाष्प सतत मोजणारं यंत्र बसवलं आहे आणि शेजारच्या ओळखीच्या रेडिओ स्रोताकडे थोड्या थोड्या वेळाने वळून घड्याळ लावून घेतात. आणखी एक अडचण आहे. अँटेना फक्त दूर दूर ठेवल्या तर बारीक तपशील मिळतो पण पसरट उजेड हरवतो, आणि चित्रात खोट्या काळ्या खळग्या पडतात. त्या खळग्यांना कोणी ग्रहाचा पट्टा समजू नये म्हणून जवळच्या मांडणीची निरीक्षणंही जोडावी लागतात. पीडीएस ७० सीभोवतीची धुळीची छोटी तबकडी २०२१ मध्ये नक्की झाली ती अशी वेगवेगळी निरीक्षणं जोडूनच. तिची रुंदी जवळपास पृथ्वी-सूर्य अंतराएवढी. तिच्यातून पुढे चंद्र घडू शकतात.

प्रश्न : आठ इंची दुर्बीण आणि डीएसएलआर कॅमेरा आहे. या विषयात आमच्यासारख्यांना काही करता येईल का? (नाशिक, रत्नागिरी, दुबई)

ग्रह दिसणार नाही. आठ इंची आरशाची एच-अल्फातली मर्यादाच ०.८ विकला, आणि आपल्या हवेमुळे प्रतिमा त्याहूनही जास्त पसरते. पण तबकडी ताऱ्याला झाकते ते मोजता येतं, आणि ते काम व्यावसायिकांना सलग करता येत नाही. मोठ्या दुर्बिणीवर एका ताऱ्यासाठी दोन महिने रोज रात्र कोण देणार?

आपल्यासाठी सारथी तारकासमूहातला आरडब्ल्यू ऑरिगी घ्यावा. नेहमीची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) दहा-साडेदहा. २०१०-११ मध्ये तो सहाएक महिने सुमारे दोन प्रतींनी मंदावला आणि २०१४ पासून पुन्हा. ताऱ्यासमोर धूळ येते, एवढं बहुतेकांना मान्य आहे. शोधायची रीत अशी : ब्रह्महृदयाच्या तेराएक अंश दक्षिणेचा आयोटा ऑरिगी धरा, तिथून सुमारे अडीच अंश दक्षिणेला सातव्या प्रतीचा एबी ऑरिगी, आणि त्याच्या पूर्वेला २.६ अंशांवर, जवळपास त्याच क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्तापासूनचं उत्तर-दक्षिण अंतर) आरडब्ल्यू. दोन्ही एकाच चौकटीत येतात. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊ-दहाला ते महाराष्ट्रातून जवळजवळ डोक्यावर असतात, म्हणजे हवेचा थरही पातळ.

१०० ते १३५ मिमीची लेन्स, एफ/४, आयएसओ ४०० ते ८००, फाइल कच्ची म्हणजे रॉ. फोकस किंचित सोडायचा, तारा दहा-बारा पिक्सेलवर पसरेल इतका. तेज एका पिक्सेलवर साचलं की कॅमेऱ्याच्या रंगजाळीमुळे मोजमाप उड्या मारतं. अनुसरण करणारी मांडणी असेल तर २० सेकंदांची ३० चित्रं पुरेत. नसेल तर २-३ सेकंदांची शंभरेक घ्या आणि मग एकत्र करा. झाकण लावून तेवढ्याच वेळेची काळी चित्रं, आणि संध्याकाळच्या सपाट आकाशाची वीसेक. मोजायचा तो फक्त हिरवा भाग. अमेरिकी बदलत्या ताऱ्यांच्या संघटनेच्या, म्हणजे एएव्हीएसओच्या संकेतस्थळावर त्या भागाचा नकाशा आणि तुलनेच्या ताऱ्यांच्या प्रती मिळतात. एक तारा तुलनेला, दुसरा पडताळ्याला. पडताळ्याचा तारा ०.०५ प्रतीपेक्षा जास्त हलला तर त्या रात्रीचं मोजमाप टाकून द्या. एबी ऑरिगी स्वतः थोडा बदलता आहे, त्याला तुलनेला घेऊ नका.

दोन गोष्टी हमखास चुकतात. आरडब्ल्यूला सुमारे दीड विकलेवर मंद जोडीदार आहे. तो तुमच्या मोजमापात मिसळणारच, म्हणून खोल मंदावण्याच्या काळात उतार खऱ्यापेक्षा उथळ दिसतो. नोंदीत ‘दोघांची एकत्र प्रत’ असं लिहा. आणि वेळ. कॅमेरा भारतीय वेळेवर असतो, नोंद जागतिक वेळेत द्यायची असते. साडेपाच तास वजा करायला विसरलं की तारीखही चुकू शकते. दुबईकरांनी चार तास.

दुर्बीण नसेल तर ‘डिस्क डिटेक्टिव्ह’ हा नासाचा लोकसहभागाचा प्रकल्प आहे. त्यात एकाच ताऱ्याची वेगवेगळ्या तरंगलांबींची चित्रं एकामागून एक पाहायची. ठिपका मध्यावरून सरकला, लांबट झाला किंवा वर्तुळात दुसरी वस्तू आली तर तशी खूण करायची. कंटाळवाणं काम आहे, पण मागची दीर्घिका आणि खरी तबकडी यांतला फरक माणसाच्या नजरेला चटकन कळतो.

प्रश्न : तबकडी असलेला एखादा तारा नुसत्या डोळ्यांनी दिसतो का? (पणजी)

दिसतो. बीटा पिक्टोरिस. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री दक्षिणेला अगस्त्य पाहा आणि त्याच्या पश्चिमेला सहाएक अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या तीन बोटांच्या रुंदीपेक्षा थोडं पुढे, चौथ्या प्रतीचा एकटा तारा. गोव्यातून तो जास्तीत जास्त साडेतेवीस अंश वर येतो, पुण्यातून वीसच, तेव्हा दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा हवी. समुद्रकिनाऱ्यावर ओलसर धुकट थर आड येतो, टेकडी बरी. ६३ प्रकाशवर्षांवर. याची तबकडी १९८४ साली पहिल्यांदा चित्रात आली, इतर कुठल्याही ताऱ्याच्या आधी. मात्र ही पीडीएस ७० सारखी वायूने भरलेली नव्हे. वय दोनेक कोटी वर्षं, वायू बहुतेक संपलेला, आणि धूळ आहे ती मोठ्या दगडधोंड्यांच्या टकरींतून नव्याने निघणारी. मोठे ग्रह घडून गेलेत. त्यांतला एक, बीटा पिक्टोरिस बी, २००३ च्या चित्रांत ताऱ्याच्या एका बाजूला होता, मध्ये दिसेनासा झाला आणि २००९ मध्ये दुसऱ्या बाजूला निघाला.